राबावरची माती

टोकावडे
३० मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाही, म्हणून पत्र. उत्तरादाखल दोन ओळी तरी लिहाव्याच लागतील.

शाळेत मुलांना घेऊन विज्ञानाचा तक्ता करतोय. ग्रीक भाषेत आगीला ‘प्यूर’ म्हणतात, त्यावरून इंग्रजीत कितीतरी शास्त्रीय शब्द झाले. पायरोमीटर म्हणजे भट्टीची उष्णता मोजणारं यंत्र, पायरोटेक्निक्स म्हणजे शोभेच्या दारूची विद्या, पायरोफाइट म्हणजे वणव्यातही तगून राहणारं झाड. तुम्ही एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसल्यात. लेबलांवरचे शब्द आठवून कळवा. माझ्या नववीच्या वर्गातली भूमिका म्हणते, बाईंचे बाबाच सगळे शब्द सांगणार असतील तर मार्कही त्यांनाच द्या.

आणि भाताच्या वाफ्यावर राब भाजायचं काय ठरलं? आई असती तर पाला रचून झाला असता.

जेवण वेळेवर करा. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची
पौर्णिमा


शेणवा
८ एप्रिल २०२५

चि. पौर्णिमास,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. आठवले ते शब्द देतो. पायरोगॅलॉल तपकिरी बाटलीत असायचं, उजेडापासून लांब. खनिजांच्या पेटीत पायराइट होता, सोन्यासारखा चमकणारा. गारगोटीसारखा आपटला की ठिणगी पडते. शेजारच्या खणात पायरोलुसाइट. त्याने बोटं काळी व्हायची.

तू दोन शब्द गाळलेस. मी कोशात पाहिले. एक पायरेक्सिया, म्हणजे ताप. तो तुझ्या आईच्या केसपेपरवर होता. मला तेव्हा कोणता तरी मोठा आजार वाटला आणि डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. दुसरा पायर, म्हणजे चिता. माझ्यासाठी गाळू नकोस. तक्ता पुरा कर.

राबासाठी शेण, ऐनाच्या फांद्या, पाला, गवत सगळं वाफ्यावर रचून ठेवलं आहे. पण काडी ओढायला हात जात नाही. डिसेंबरात तिला अग्नी मीच दिला, त्यानंतर हे असं झालं आहे. चार वेळा शेतावर जाऊन परत आलो. वाफा भाजला नाही तर तण माजेल आणि भाताची रोपं धरणार नाहीत. तिने राखलेलं झिनी भाताचं बी डब्यात आहे. आता ते गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षी उगवेलच असं नाही. एवढंच.

जावईबापूंना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझे
बाबा


टोकावडे
१५ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही शब्द मी मुद्दाम गाळले होते. तुम्हाला फसवता येत नाही, हे लहानपणीच कळायला हवं होतं.

इंद्रजीत म्हणतात, ते मेच्या दुसऱ्या रविवारी मुरबाडहून जीपने निघतील आणि राब भाजून देतील. त्यांनी आजवर काडी फक्त गॅसला लावली आहे, तेव्हा शेजारच्या धोंडाबाईकाकूंना जवळ उभं करा. बी गेलं तरी चालेल असं मी लिहिणार नाही, कारण मला ते चालणार नाही. पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

लवकर कळवा आणि माझ्यावर रागावू नका.

तुमची
पौर्णिमा


शेणवा
२ मे २०२५

चि. पौर्णिमास,
अ. आ. वि. वि.

जावईबापूंना पाठवू नकोस. मीच भाजला. पण अर्धाच, आणि तोही बिघडला.

तुझी आई रचलेल्या पाल्यावर शेवटी बारीक माती पसरायची, हे मी पाहिलेलं होतं. पण मला वाटलं, मातीने विस्तव गुदमरेल. इतकी वर्षं पेटत्या मेणबत्तीवर काचेचं भांडं उपडं घालून मुलांना दाखवलं की हवा संपली की ज्योत विझते. म्हणून माती टाकली नाही. वारा कुठून येतो ते बघत होतो, त्या नादात काडी कधी ओढली ते कळलं नाही. एकदम डोक्याएवढा जाळ झाला. दहा मिनिटांत नुसती पांढरी राख, आणि वाऱ्याने ती उडून गेली. मध्ये बांध आहे म्हणून दुसरा अर्धा वाचला.

राख गेली ती थेट धोंडाबाईच्या अंगणात, वाळत घातलेल्या कुरडयांवर. ती तोंड चालू ठेवूनच आली. म्हणाली की देवजीभाऊ, तुमी शाळंत नुसत्या बाटल्याच पुसल्या का, वहिनी काय शोभेला माती टाकायची का? मी माफी मागितली. तर म्हणते, माफी काय तळून खाऊ? मला हसू आलं. मग तीही हसली.

काळजी नको. तुमचं दोघांचं भलं असो.

तुझे
बाबा


टोकावडे
८ मे २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इंद्रजीतना वाचून दाखवलं. ते कुरडयांपाशी जे हसायला लागले ते थांबेनात.

बाबा, तुमची मेणबत्ती खरी आहे. पण आईला ज्योत नकोच होती. तक्त्यावर एक शब्द आहे, पायरोलिसिस. हवा कमी ठेवून तापवलं की पाला भडकून राख होत नाही, आत धुमसून त्याचा कोळसा होतो. तेवढ्या वेळात खालची माती भाजते आणि तणाचं बी मरतं. माती हवा अडवायला होती. उरलेल्या अर्ध्यावर बोटभर माती पसरा आणि वारा ज्या टोकाकडे जातो तिकडून पेटवा, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सावकाश सरकेल. मी लहान असताना आई मला बांधावर उभं करून वारा कुठल्या गालाला लागतो ते विचारायची.

पेटवायच्या आधी कुरडया आत घ्यायला सांगा. आमची आठवण असू द्या.

तुमची
पौर्णिमा


शेणवा
२१ जुलै २०२५

चि. पौर्णिमास,
अ. आ. वि. वि.

लावणीच्या गडबडीत लिहिणं राहिलं. दुसरा अर्धा तू लिहिलंस तसा भाजला. सकाळी पेटवला तो दिवसभर धुमसला. मी भाकरी तिथेच खाल्ली. संध्याकाळी माती काळी आणि ऊबदार होती.

बी दोन्हीकडे पेरलं. बिघडलेल्या बाजूला तण जास्त, रोप पिवळं. दुसऱ्या बाजूला इतकं दाट आलं की खालची माती दिसेना. परवा लावणी उरकली. रोपं सगळ्या शेताला पुरली. तिचं बी वाचलं.

रोपांच्या सात मुठी उरल्या. धोंडाबाईला कमी पडत होत्या म्हणून नेऊन दिल्या. तिने पात हातात धरून पाहिली आणि विचारलं की ही वहिनीच्या राबाची का. मी आधी हो म्हणालो. मग सांगितलं की नाही, यंदा मी भाजला.

सवड काढून दोघं या. वाट पाहतो.

तुझे
बाबा