तीन बोटांवर

मंगळवार संध्याकाळ, तासगाव

करंगळी आजही वाकली नाही. द्राक्षछाटणीच्या कात्रीनं शीर तुटली त्याला सहा महिने झाले. संपलं का माझं वाजवणं?

अब्बा म्हणाले, "लय झालं. गिटार बास कर की गं."

मी त्यांना ब्राझीलच्या एका गिटारवादकाचं सांगितलं. पन्नाशीत त्याची दोन बोटं लुळी पडली. त्यानं सगळ्या धुना उरलेल्या बोटांवर नव्यानं बसवल्या आणि पुन्हा कार्यक्रम केले.

अब्बा बेदाणे निवडायचे थांबले. "किती वर्षं लागली त्याला?"

"चार."

वाटलं, हसतील. माझ्या करंगळीकडं बघत म्हणाले, "मग आजपास्नं मोज."

मी लगेच गिटार घेऊन बसले. तीन बोटांवर जुन्या धुनेची पहिली ओळ दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. अजून एकोणीस ओळी आहेत. बसवणारच.