पित्ताचं निमित्त

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. तुझे बाबा अजून चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात आणि मी अजून त्यांना लगेच सांगत नाही.

लहानपणी तू विचारायचीस, आई, तू मटण का खात नाहीस? मी म्हणायचे, पित्त होतं. बाबा चारचौघांत थट्टा करायचे, हिचं पित्त मोठं हुशार, तळलेलं ताटभर खाल्लं तरी गप्प, मटण दिसलं की जागं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या वेळच्या बाळंतपणातून उठल्यावर पहिल्यांदा कोंबडीचा तुकडा तोंडात घातला आणि समोरची भिंतच नाहीशी झाली. मी जमिनीलगत होते. जाळीबाहेर एक पाय, त्यात हिरवी चप्पल, तिचा अंगठा तुटलेला, तारेने बांधलेला. मग अंधार. वाटलं, अशक्तपणा असेल. पुढे अंडी आणायला कोंबडीवाल्याकडे गेले, तर त्याच्या पायात तीच चप्पल! त्याआधी मी त्याचं दुकानही पाहिलं नव्हतं, कोंबडी बाबाच आणायचे. नंतर पुन्हा खाऊन पाहिलं, तेव्हाही तेच. जनावराने शेवटचं जे पाहिलं, ते मला दिसतं. एकदा तर नुसतं आभाळ होतं, इतकं सुंदर की मी ताटावरच रडले. लोक वेडी म्हणतील म्हणून पित्ताच्या आड लपले, झालं.

रविवारी जावई आले होते, तुझ्या हातचा डबा घेऊन. म्हणाले, घरचाच बोकड आहे, तुमच्या लेकीने हौसेने केलंय, एक घास तरी घ्या. तू का नाही आलीस विचारलं, तर म्हणाले, तिला गोठ्याचं काम निघालं. बोलताना माझ्या ताटाकडेच बघत होते. जावयाचं मन कसं मोडायचं? घेतला घास.

तुमचा गोठा दिसला. दोरी ओढली जात होती आणि बोकडाच्या नजरेने मी मागे वळून बघत होते. कोपऱ्यात पेंढ्यावर तू बसली होतीस. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तळहात तोंडावर दाबलेला. मग जावयांची सावली मधे आली. मी घास गिळला आणि म्हटलं, छान झालंय हो. ते हसले.

फोनवर तू ‘मजेत आहे’ म्हणतेस तेव्हा मागे त्यांचा श्वास ऐकू येतो, म्हणून हे पत्र तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या हाती देतेय. वाचून जाळून टाक. गुरुवारी ते पुन्हा लस टोचायला येतील, तेव्हा त्यांच्या गाडीत मागे आम्ही दोघं असू. बाबांना सगळं सांगितलं. जन्मभर माझ्या पित्तावर हसलेला माणूस, या वेळी हसला नाही. उठला आणि तुझ्या खोलीतली गादी झटकून आला. मला फार भीती वाटते गं. मला दिसलं ते खोटं असेल, तर म्हातारी चळली म्हण, मी आनंदाने ऐकून घेईन. खरं असेल तर काही समजावत बसू नकोस, सामानही घेऊ नकोस. जशी असशील तशी ये आणि गाडीत बस.

गुरुवारपर्यंत जीव मुठीत धरून बसलेली,
तुझीच,
आई