हसतीचा दाखला

हेंद्रेपाडा, बदलापूर
१७ नोव्हेंबर २०२५

जिज्ञासा,

कागद फ्रिजवर चिकटवताना वरती ‘ही गोष्ट आहे, खरं नाही’ एवढं लिहायला तुझा हात मोडला होता का? आता जयभीम घे. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे.

हॉस्टेलवर तू फोन उचलत नाहीस म्हणे. म्हणून तिसरी पास बाईला लिहावं लागतंय.

तुझ्या कागदावर सरकारी भाषेत होतं, पेन्शनवाल्यांनी हयातीच्या दाखल्याला हसतीचा दाखला जोडावा, रोज एकदा हसल्याचा पुरावा द्यावा, नाहीतर पेन्शन बंद. खाली शिक्का पण काढलास. मला खरं वाटलं. का नाही वाटणार? दर नोव्हेंबरला मशीनवर अंगठा दाबून मी जिवंत आहे म्हणते, आणि मशीन म्हणतं, नाही.

शेजारच्या विठाबाईला घेऊन बँकेत गेले. खिडकीवरच्या बाईने मान वर केली नाही. “आजी, सर्व्हर डाऊन आहे. सोमवारी या, दोन फोटो आणा.” मग स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, हसा. मला येईना. विठाबाई म्हणाली, “दात तरी दाखव गो.” दाखवले. तुझे आजोबा गेल्यापासून मला कोणी हस म्हणालंच नव्हतं. जाऊ दे ते.

सोमवारी त्या बाईने कागद नीट वाचला. म्हणाली, “आजी, कोणीतरी मस्करी केलीय.” सगळी रांग हसली. मागून हरिचंद्र मास्तर म्हणाले, “यंदा नाही तर पुढच्या वर्षी असा हुकूम निघेल. नंबर सोडू नका.” मग कोणी हसेना. कोणी जागा पण सोडली नाही. ते बघून मी जी हसायला लागले ती रिक्षा घरी येईपर्यंत.

आणि घरी येऊन तुझ्या बापाला सांगितलं, तुझ्या लेकीने मला चारचौघांत वेडी केली. राजरत्नने कागद फाडला, गोष्ट स्पर्धेला पाठवायची नाही म्हणून तुला दम दिला, ते माझ्या सांगण्यावरून. मला लाज वाटली होती. रांगेची नाही, हसले त्याची. आज त्याला खरं सांगितलं.

तुझ्या गोष्टीची बाकीची पानं माझ्या गादीखाली आहेत, दोन दिवस लावून वाचली. तुझी म्हातारी शेवटी रडते, ते काढ. रांगेतली माणसं रडत नाहीत, पुढे सरकतात. महिनाअखेरच्या आत स्पर्धेला पाठव. पानं घ्यायला घरी यावं लागेल, पोस्टाने मी देणार नाही.

चूक माझी होती.
अंजना शिवराम, तुझी आजी

कधी येतेस ते तू स्वतःच्या हाताने लिही, मोठ्या अक्षरात. तुझ्या आईने मधे पडायचं नाही. बापाने तर अजिबात नाही.