तिसरी फेरी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. गुडघा सुजलाय, त्यामुळे वाकून करायचा नमस्कार सध्या कागदावरच.

तू विचारलंस, शेहेचाळिसाव्या वर्षी डोंगरात सायकल हाणून काय मिळतं. सहा शर्यतींत मिळालं ते असं: करंगळीचं मोडलेलं हाड, ढोपरभर काटे आणि गिऱ्हाइकांची सहानुभूती. परवा एक आजोबा दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आले, ते माझा काळानिळा डोळा बघून मलाच खुर्चीत बसवायला लागले.

शर्यत मात्र एकदाही पुरी झाली नाही. तीन फेऱ्या असतात. तिसऱ्या फेरीत डोंगरापलीकडच्या फाटकाशी दीड तासाच्या आत पोहोचलं नाही तर कडेला काढतात. मला सहाही वेळा काढलंय. एकदाच, फक्त एकदा, शेवटची रेघ ओलांडायची आहे.

या वेळी आशा आहे. आयोजकांना माणसं कमी पडली, तर तुझ्या भावजयीने आपणहून नाव दिलं. तिची नेमणूक नेमकी त्याच फाटकावर आहे. आपलं माणूस फाटकावर, म्हणून मी निर्धास्त.

माया आहे तशीच ठेव, गुडघ्याला पट्टा मात्र नवा पाठव.
तुझा,
ठोंब्या

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. आज वि. वि. नाही, तक्रार आहे.

फाटकाशी आलो तेव्हा जीभ बाहेर होती, पण मनात म्हटलं, जमलं. तर तुझ्या भावजयीने दोन्ही हात पसरले, शिट्टी फुंकली आणि घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. अकरा सेकंद उशीर. मी म्हटलं, अगं, मी आहे. घरात अरे-तुरे करणारी ती तिथे म्हणाली की दिसतंय, कृपया बाजूला उभे राहा, मागच्यांना वाट द्या. ताई, मागे कोणीही नव्हतं.

वीस वर्षांच्या संसारातून अकरा सेकंद निघू नयेत? सध्या आम्ही फक्त भाजीपुरतं बोलतो. आता तूच निवाडा कर.
तुझा दुखावलेला,
ठोंब्या

२७ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. तक्रार पोचली असेलच.

तुमच्या बंधूंच्या चारच सेकंद आधी मी आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यांना थांबवलं होतं, तेही शर्यतीत असतात. ते सायकल टाकून हुंदके द्यायला लागले होते. त्यांच्यादेखत नवऱ्याला कशी सोडू? वर्गात मुलांच्या हातातून गणिताचे पेपर ओढून घेते, ते कोणत्या तोंडाने घेऊ?

पण घरी आल्यावर चैन पडेना. आयोजकांकडून टप्प्याटप्प्याच्या वेळा मागवल्या, वाटेवर उभ्या असलेल्या माणसांना विचारलं. वन्सं, ते हळू नाहीत, ते उतरतात. दर फेरीत दोनदा पाणी प्यायला, एकदा मोजा वर ओढायला आणि एकदा वरच्या दगडावर देखावा बघायला. फेरीमागे साडेचार मिनिटं. कागदावर मांडून दाखवलं, तर म्हणाले, देखावा फार छान आहे.

आता रोज शाळा भरण्याआधी शाळेच्याच मागच्या आवारात मी शिट्टी फुंकते आणि ते न उतरता बाटली तोंडाला लावतात. काल पाणी नाकात गेलं आणि झाडणाऱ्या मावशींच्या बादल्यांत सायकल घुसली. साहेबांवर कसले उपचार चाललेत, असं मावशींनी हळूच विचारलं.

मे महिन्यात पुन्हा मीच फाटकावर आहे. एक सेकंदही सोडणार नाही, असं सांगून ठेवलंय. पण तुम्हाला म्हणून सांगते, पुन्हा थांबवायची वेळ आली तर हात उठेल का, याची भीती वाटते.
तुमची,
भावजय

२ एप्रिल

चि. ठोंब्या आणि चि. सौ. बाईंना,
अ. उ. आ.

निवाडा असा. ठोंब्या, लहानपणी शाळेची घंटा होऊन गेल्यावर तू फाटकाशी पोचायचास आणि वाटेत दिसलेल्या सरड्याची गोष्ट शिपायाला सांगत बसायचास. तेव्हा तुझी तक्रार फेटाळली आहे.

बाई, हात उठवायचाच. सूट घेऊन ओलांडलेली रेघ त्याला कधी आपली वाटणार नाही. उगाच हसतो, पण मनाला लावून घेतो, हे तुलाही ठाऊक आहे.

दोघांनी जेवताना बोलावं, अशी आज्ञा.
ताई

१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि या वेळी खरोखरच विशेष.

फाटकाशी पोचलो तेव्हा एकोणचाळीस सेकंद शिल्लक होते. थांबून तिला तसं सांगायला लागलो, तर शिट्टी फुंकून हाकललं. पुढे एकदा पडलो, एकदा झुडपात शिरलो. मोजा ओघळला, ओघळू दिला. बत्तिसांत एकतिसावा आलो. बत्तिसावे बेकरीवाले. आम्ही गळ्यात पडून रडलो, तेव्हा फोटोवाल्याला वाटलं की जिंकलो, त्याने चार फोटो काढले.

ती मात्र तासाभराने डोंगर उतरून आली, काखेत झेंडे घेऊन. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, थांब, यादीत बघते. तंबूवरची यादी तिने खालून वाचायला घेतली, दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग चष्मा काढून पुसायला लागली. म्हणाली, धूळ गेली.

ताई, चष्मे विकण्यात माझा जन्म गेला. सकाळपासून पाऊस होता. धुळीचा कण नव्हता.

तुझी माया आम्हा दोघांवर अशीच राहो.
तुझा,
एकतिसावा