गाडीसोबतचं रोप

हिंगोली, १२ मे २००८

आज हे पेढे घेऊन आले, शोरूममधली गाडी विकली गेली म्हणून. मी आधी ह्यांच्या स्कूटरकडं बघितलं. होतंच. करंजाचं रोप, गुलाबी रिबीन बांधलेलं.

ह्यांच्या शोरूममध्ये प्रत्येक नव्या गाडीसोबत एक रोप देतात. गाडीचा धूर झाडानं भरून काढायचा, असा कंपनीचा शब्द आहे. लोक चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात आणि रोप तिथंच सोडून जातात. नव्या सीटला माती लागते ना. ह्यांना फेकवत नाही, मग सगळी आमच्या अंगणात.

नळाला पाणी येतं आठवड्यानं. कपडे विसळलेलं पाणी मी बादलीनं वाहते. सासूबाई म्हणतात, "काहून कंबर मोडून घेऊन राहिलीस? वाळू दे." बराबर आहे त्यांचं. पण रिबीन बांधलेलं रोप वाळताना बघवत नाही. गाडी लोकांची, शब्द कंपनीचा, मग तो मी कशाला पाळत बसले?

जेवताना हे खुशीत म्हणाले, "पुण्याहून साहेब आले होते. दिवाळीपासून गाडीमागं दोन रोपं."

दिवाळी लांब आहे. कंबर आजच दुखायला लागली.