तेलाची वाटी

२ डिसेंबर, धसई

किन्हवलीच्या शाळेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, आणि आज पुन्हा वही-पेन्सिल घेऊन कामावर हजर! पंढरी माझा जुना विद्यार्थी. बंगल्यांची गेटं नि जिने बनवायची त्याची शेड आहे. म्हणाला, "गुरुजी, तुमी नुस्तं बसा न मापं लिवा." शेडमागची खोलीही दिली. वेल्डिंगचा निळा लखलखाट पाहून चौथीचा वर्ग आठवला. पावसाच्या कवितेत अशी वीज चमकली की पोरं टाळी द्यायची.

पंढरीची आई जनाबाई सकाळी शेडमधल्या प्रत्येकाच्या तळहातावर गोडेतेल घालते. ते हाता-मानेला चोळायचं, वर गुळाचा खडा खायचा. मग धूर बाधत नाय म्हणे. मलाही घातलं. आमची ही गेल्यापासून माझ्या हातांना तेल कोणी विचारलं नव्हतं.

९ डिसेंबर

नात रविनाचा फोन. सव्वा महिना झाला की पणतूला घेऊन येते, एकोणतीसला. मांडीवर घेऊन म्हणायला तिसरीतली एक कविता घोटतोय. तान्ह्याची कातडी कशी लागते, हात विसरलेत. तेवढं एकदा कळू दे.

मनगटावर बारीक पुरळ. खाजतं. धूर दिवसभर पत्र्याखालीच घुटमळतो.

१४ डिसेंबर

पुरळ मानेवर चढलं. शहापूरला डॉक्टरांकडे जाऊन आलो. धुरातली लोखंडाची पूड तेलावर बसते, म्हणाले; तेल बंद करा, साबण लावा, पूर्ण बाह्या घाला. जनाबाईला सांगितलं, तर म्हणाली, "माज्या घोवानं तीस वरसं लावलं. कदी खाजला नाय तो." सगळे हसले. तिनं वाटी पुढे केली. मला नाही म्हणवेना.

१९ डिसेंबर

खाज थांबली! तेलच लागू पडलं.

चहा हातावर सांडला. वाफ दिसली. भाजलं नाही. पंढरीनं आपला दंड दाखवला. तिथे ठिणगी पडते, विझते, त्याला कळत नाही. म्हणाला, "आता आमच्यातले झालात, गुरुजी."

२३ डिसेंबर

गेटाचा कोपरा धरायचं लोहचुंबक सकाळपासून सापडत नव्हतं. माझ्या मनगटाला चिकटलेलं होतं. कोणी दचकलं नाही. पंढरीनं ते ओढून काढलं. बरोबर कातडीची चकती आली. रक्त नाही. त्यानं चकती फुंकून उडवली नि कामाला लागला.

२६ डिसेंबर

हात साबणानं घासले. विटेनं घासले. कविता पूर्ण पाठ आहे. हात —

जनाबाईला विचारलं, तुमचे मालक कशानं गेले. लेंगा पेटला होता, म्हणाली. त्याला कळलंच नाय.

वाटी पुढे केली. घेतलं.

२९ डिसेंबर, दुपार

रविना आली. हातांचं सांगायचं होतं. सांगितलं असतं तर बाळ दिलं नसतं. नाही सांगितलं.

बाळाला माझ्या डाव्या हातावर ठेवून ती जनाबाईकडे पाणी तापवायला गेली. उजव्यानं लिहितोय. बाळ उबदार लागत नाही. मऊ लागत नाही. वजनही —

कविता म्हणतोय. नजर वहीवरच. खाली बघवत नाही.

मघाशी रडत होतं. आता नाही.

रविना दारात. माझ्या हाताकडे बघत नाहीये. जमिनीकडे — मी तर अजून धरून —