लल्ला महजूबाची विचारपूस

ती. झहीरा मावशीस,

बूजमआचा सलाम वि. वि.

तुझं अभिनंदनाचं पत्र आणि बदामाची बिस्किटं पोचली. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला उतरला का? आणि अंगणातली लल्ला महजूबा काय म्हणते? खाते ना नीट? चालते ना? (कासवाची एवढी चौकशी मी आजवर कधी केली नाही हे तुझ्या लक्षात येईल, पण पन्नाशीनंतर माणसाला घरच्यांची आठवण येते.)

आता अभिनंदनाबद्दल. मावशी, बाई वगैरे कोणी नाही. इथल्या किराणावाल्या हम्मूची बहीण तुझ्या गल्लीत राहते, तेव्हा बातमी कुठून आली ते कळलं. मी लाल नेलपॉलिश घेतलं हे खरं आहे. (संपल्यावर पुन्हा घेतलं हेही खरं, तेव्हा हम्मूने दुकानातल्या सगळ्यांना माझ्या नावाने चहा पाजला.) पण ते कासवांसाठी होतं. इथल्या टेकड्यांवर कासवं किती आहेत आणि त्यांची पुढची पिढी होणार का, हे मला ईदनंतर येणाऱ्या समितीला सांगायचं आहे. हो म्हणता आलं तर टेकड्या राखीव होतील, नाहीतर दगडखाणीला जातील. आता सगळी कासवं काही हाती लागत नाहीत. म्हणून सापडतील त्यांच्या पाठीवर ठिपका लावून सोडायचं, काही दिवसांनी पुन्हा धरायचं आणि त्यांत ठिपक्याची किती निघतात ते पाहायचं. थोडीच निघाली तर टेकडीवर भरपूर आहेत. सगळी ठिपक्याचीच निघाली तर आटोपलं.

पद्धत चांगली आहे, पण तिच्यात शेजाऱ्यांचा विचार केलेला नाही. गावातली माणसं फार प्रामाणिक. ठिपका दिसला की कासव मास्तरांचं, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळी दार वाजतं आणि हम्मू उभा. "मास्तर, तुमचं परत पळालं बघा. दार लावून झोपत जा की. उद्या बायको आली तर तीही अशीच पळेल." बिनठिपक्याचं एकही कोणी आणत नाही. माझ्या पडवीवरून हिशेब केला तर कासवं कधीच संपलीत.

म्हणून सगळी परत सोडून मी एकटाच पुन्हा हिंडलो. कासवं तशी बरीच निघाली, पण एकूण एक नर, आणि तेही म्हातारे. पिल्लू नाही, अंडं नाही. माद्या गेल्या कुठे ते कळायला वेळ लागला. मादी आकाराने मोठी आणि मोठ्या कासवाची बरकत जास्त, म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी माद्याच उचलून घरी नेल्या. घरोघर मागून पाहिल्या. प्रत्येक घरच्या बाईने कासव नाही म्हणून सांगितलं. (दोन घरांत तिच्या मागे पालथी घातलेली परात आपोआप सरकत होती.) मावशी, ते नर अजूनही वसंतात टेकडीभर शोधत हिंडतात आणि कोणी भेटलं नाही की एकमेकांना धडका देतात. मला ते बघवत नाही. चहाच्या दुकानात आम्ही बसतो तेही साधारण तसंच.

काकांना सलाम. गुडघ्यांना जप.

तुझा,
बूजमआ

ता. क. लल्ला महजूबाला माझ्याकडे पाठवशील का? तिने आजवर अंडं दिलं नाही ते एकटी असल्यामुळे, असं तूच म्हणायचीस. इथे तिला स्थळांची कमी नाही. समितीला दाखवायला निदान एक मादी तरी असेल. तुझं अंगण सुनं होईल हे मला कळतं, आणि तरी मागतो आहे.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी जुन्या ईदचा आपला फोटो पेटीतून बाहेर काढून पाहिला. तू लल्लाला कधी उलटं करू दिलं नाहीस, पण त्यात मी तिला उलटं धरलं आहे आणि तुझा हात माझ्या कानाकडे येतो आहे. पोट खोलगट आहे, मावशी. मादीचं सपाट असतं. तू तिला लल्लाच, बाईसाहेबच म्हणत जा, इतक्या वर्षांची सवय आहे. पाठवू मात्र नकोस. इथे नर पुरेसे आहेत, मला धरून.